गराडूसारखा दोनदा तळलेला टोफू

इंदुरात टोफू बहुतेक डेअऱ्यांवर ‘सोया पनीर’ या नावाने मिळतो, आणि तळताना होणारी निम्मी फसगत त्या नावातच आहे. पनीर तळायचं म्हणजे तुकडे कापायचे, तेलात सोडायचे, तांबूस झाले की काढायचे. टोफूचं तसंच करायला गेलं की तेल अंगावर उडतं, तुकडे एकमेकांना चिकटतात, वरून रंग तर येतो, पण ताटात येईपर्यंत ते चामट नाहीतर लिबलिबीत झालेले असतात. मग घरात ‘टोफूला काही चवच नाही’ असा शिक्का बसतो तो कायमचा.

दोष टोफूचा नाही, पाण्याचा आहे. दुधाच्या पनीरमध्ये पाणी निम्म्याच्या थोडं वर असतं. घट्ट टोफूतही ते 75 ते 80 टक्के असतं. म्हणजे 200 ग्रॅमचं पाकीट आणलं तर त्यात दीडशे ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. हे पाणी कुठे, किती आणि कधी काढायचं, एवढाच टोफू तळण्याचा सगळा हिशेब आहे. बाकी मसाले, पिठं, सॉस हे त्यानंतरचं.

आणि हा हिशेब माळव्याला नवा नाही. थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू म्हणजे कोनफळासारखा कंद तळतात ते आठवा. कंद एकदा मध्यम तेलात तळून कढईच्या कडेला काढून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आलं की तो परत कडक तेलात जातो, वरून मसाला पडतो, लिंबू पिळलं जातं. ती दुसरी तळणी गराडू गरम करण्यापुरती नसते, त्याचा कुरकुरीतपणा तिच्यातूनच येतो. टोफूलाही नेमकं हेच हवं असतं.

आपल्याकडे कुरकुरीत, खुसखुशीत, कडक आणि चामट हे चार वेगळे शब्द आहेत ते बरंच आहे. टोफू खुसखुशीत होत नाही, कारण त्याला मोहन नसतं. कडक केला तर आतून वाळून रबरासारखा होतो. आपल्याला वरचं कवच पातळ नि कुरकुरीत हवंय आणि आतला गाभा ताज्या खरवसाइतका मऊ. हे दोन्ही एका तुकड्यात साधायचं असल्यामुळेच एका तळणीत भागत नाही.

कोणता टोफू घ्यायचा

पाकिटावर बोट दाबून बघा. बोट काढल्यावर खळगा लगेच भरून आला तर टोफू तळायला योग्य. खळगा तसाच राहिला किंवा कडा फुटल्या तर तो भुर्जीला घ्या. पाकिटातलं पाणी जवळजवळ स्वच्छ असावं. ते दुधाळ, तार येणारं किंवा आंबूस वासाचं असेल तर परत करा. डेअरीवरची सुटी लादी घेतलीत तर घरी आल्यावर बुडेल इतक्या पिण्याच्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा. खोक्यात मिळणारा रेशमी, खरवसासारखा थरथरणारा टोफू या पद्धतीला चालत नाही. त्याला वजनाखाली ठेवलं तर त्याचा लगदा होतो.

बाजारातला टोफू चांगला असतोच, पण तळण्यासाठी मी घरचा टोफू वरचढ मानेन, कारण घट्टपणा आपल्या हातात राहतो. शिवाय सोयाबीन काही परदेशातून मागवायचं नाही. पाऊस पडला की आजूबाजूच्या शेतांत तेच पेरलेलं असतं. देशाची सोयाबीन संशोधन संस्था 1987 पासून इथेच, खंडवा रोडवर आहे. तिथे खाण्यासाठी म्हणून खास वाण तयार झाले आहेत: एनआरसी 127 मध्ये पचनाला अडवणारा ट्रिप्सिन-रोधक घटक नाही, एनआरसी 132 मध्ये उग्र वासाला कारण होणारं एक विकर नाही आणि एनआरसी 142 मध्ये हे दोन्ही नाहीत. असं बी ओळखीच्या शेतकऱ्याकडे मिळालं तर सोनंच. नाही मिळालं तर नेहमीचं पिवळं सोयाबीन चालतं, फक्त ते यंदाच्या हंगामाचं हवं. जुनं बी नीट भिजत नाही आणि दूध कमी देतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ज्यांची शेती आहे त्यांच्या घरात पेरणीसाठी आणलेलं बियाणंही असतं. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि बहुधा गुलाबी-लाल रंग असतो. ते धुऊनही खाण्यासारखं होत नाही. रंग गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. खाण्याचं सोयाबीन वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवा.

घरचा टोफू

250 ग्रॅम सोयाबीन निवडून, धुऊन एक लिटर पाण्यात भिजत घाला. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, मात्र मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर ते आंबायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत बारा तास लागतात. भिजलं की नाही ते दाणा चिरून बघा. दोन्ही डाळींची आतली बाजू सपाट आणि एकाच रंगाची हवी. मधोमध खोलगट पिवळा ठिपका दिसला तर अजून भिजायचं आहे. 250 ग्रॅमचे साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतात. हातांनी चोळून जितकी सालं निघतील तितकी काढून टाका.

आता दळणं. सोयाबीनचा जो कच्चट, शेंगेसारखा उग्र वास अनेकांना नकोसा होतो तो दाण्यात मुळात नसतो, दळताना तयार होतो. दाणा फुटला की त्यातलं लायपॉक्सिजनेज हे विकर पाणी आणि हवा मिळताच तेलावर काम करायला लागतं. 80 अंश सेल्सिअसच्या वर ते निकामी होतं. म्हणून थंड पाण्यात दळू नका, उकळतं पाणी घालून दळा. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. झाकण फडक्याने धरा आणि थांबत थांबत फिरवा, नाहीतर आतल्या वाफेने झाकण उडतं. पाणी एकूण दोन लिटर घ्या. त्यातलं निम्मं दळताना लागतं, उरलेल्याने भांडं विसळून घ्यायचं. पाणी नळाला येणारं नर्मदेचं किंवा गाळून घेतलेलं असू द्या. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे प्रथिनं आधीच गोळा व्हायला लागतात आणि दूध पातळ निघतं.

हे मिश्रण पाच-सहा लिटरच्या उंच पातेल्यात तापवा. पातेलं मोठं घ्या हे उगाच सांगत नाही. सोयादूध खरं उकळण्याच्या बरंच आधी फेसाळून वर येतं. तो फेस बघून अनेकजण ‘उकळलं’ म्हणून गॅस बंद करतात आणि दूध कच्चं राहतं. फेस आला की आच कमी करा, झाऱ्याने फेस बसवा आणि तळाशी ढवळत ढवळत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं खदखदू द्या. ट्रिप्सिन-रोधक घटक या शिजण्यानेच निकामी होतो. तो राहिला तर पोट जड होतं, गॅस धरतो. ढवळण्यात खंड पडला तर दूध तळाला लागतं, आणि सोयाचा करपट वास टोफूतून काही केल्या जात नाही.

पंचा दुहेरी करून चाळणीवर घाला आणि गाळा. हाताला सोसेल इतपत निवलं की पिळा. पंच्यात उरलेला चोथा टाकू नका. थालीपिठाच्या पिठात वाटीभर मिसळला तर थालीपीठ मऊ राहतं.

गाळलेलं दूध 75 ते 80 अंशांवर असावं. ते फार निवलं असेल तर पुन्हा तापवा. फाडण्यासाठी तीन गोष्टी वापरतात: खाण्याच्या दर्जाचं मॅग्नेशियम क्लोराईड, ज्याला जपानी लोक निगारी म्हणतात, खाण्याच्या दर्जाचं जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, किंवा घरचं लिंबू. जिप्समचा टोफू गुळगुळीत होतो आणि पाणी जास्त धरून ठेवतो, त्यामुळे तळायला तो माझी पहिली निवड नाही. निगारीचा घट्ट आणि किंचित गोडसर होतो. लिंबाचा थोडा ठिसूळ आणि पुसट आंबट होतो, पण मसाला लावून तळायचा असेल तर ती आंबटाई खटकत नाही. दोन लिटर दुधाला निगारी दोन सपाट चहाचे चमचे, एक कप कोमट पाण्यात विरघळवून. लिंबाचा रस 60 मिलिलिटर, तितक्याच पाण्यात मिसळून.

हे पाणी एकदम ओतू नका. तीन वेळा घाला, दर वेळी डावाने एक-दोन संथ फेऱ्या द्या आणि शेवटी झाकण ठेवून पंधरा मिनिटं हात लावू नका. साखा, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या गुठळ्या, वेगळ्या होऊन वरचं पाणी पिवळसर, आरपार दिसलं पाहिजे. ते अजून दुधाळ असेल तर अर्धा चमचा निगारी थोड्या पाण्यातून शिंपडा आणि पाच मिनिटं थांबा. उगाच जास्त घातलं तर टोफू कडवट होतो.

मऊ टोफू करायचा असता तर साखा अलगद, न मोडता साच्यात भरायच्या असत्या. तळण्यासाठी मात्र उलट करा. झाऱ्याने साखा खडबडीत मोडा, मग पंचा घातलेल्या चाळणीत भरा. मोडल्यामुळे आत अडकलेलं पाणी सुटतं. पंचा दुमडून वर ताटली ठेवा. आधी पंधरा मिनिटं दोन किलो वजन, मग अर्धा तास चार किलो. चार लिटर पाणी भरलेलं पातेलं ठेवलं की काम भागतं. साडेतीनशे ते चारशे ग्रॅम टोफू मिळतो. निदान तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय कापायला घेऊ नका. गरम टोफूची सुरीखाली भुकटी होते.

पाणी काढणं

विकतचा टोफू असेल तर इथून सुरुवात. 200 ग्रॅमच्या लादीचे आडवे दोन थर करा. सुती पंच्यात गुंडाळा, खालीवर दोन पोळपाट किंवा ताटं ठेवा आणि त्यावर दोन किलोचं वजन ठेवा. अर्ध्या तासाने पंचा बदला, पुन्हा पंधरा मिनिटं ठेवा. लगेच पाच किलो ठेवण्याची घाई केली तर लादी कडेने फाटते. घरात वजनकाटा असेल तर डोळ्यांवर विसंबू नका: 200 ग्रॅमचे 170 ते 175 झाले की पुरे. 190 वरच अडकलं असेल तर पंचा ओला झाला आहे आणि टोफू तेच पाणी परत पीत बसला आहे.

दुसरी पद्धत वरवर उलटी वाटते. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून उकळा, गॅस बंद करा आणि कापलेले तुकडे त्यात पंधरा मिनिटं ठेवा. गरम खारं पाणी बाहेरचा थर आवळून घेतं, आतलं थोडं पाणी बाहेर पडतं आणि मीठही किंचित मुरतं. बाहेर काढून पंच्यावर पसरले की उरलेल्या उष्णतेने वरचं पाणी भराभर उडतं. वेळ कमी असेल तेव्हा मी हीच पद्धत सुचवेन. इंडोनेशियात याच पाण्यात ठेचलेला लसूण आणि भरड धने घालतात, मीठ थोडं वाढवतात, टोफू त्यात मुरू देतात आणि मग तळतात. आपल्या जिभेला ही चव अगदी घरची वाटते: लसणाच्या सहा पाकळ्या, दोन चहाचे चमचे धने, खलबत्त्यात कुटून.

तिसरी पद्धत गोठवण्याची. लादी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि प्रथिनांच्या जाळीत भोकं पाडतात. टोफू पिवळा पडतो, घाबरू नका. पूर्ण वितळल्यावर दोन तळव्यांत दाबला की स्पंजासारखं पाणी बाहेर येतं. याचा पोत मात्र बदलतो, मऊ गाभा जाऊन जाळीदार, चावून खाण्यासारखा होतो. चिली टोफूला तो छान लागतो, कारण भोकांत रस भरतो. नुसता कुरकुरीत खायचा असेल तर गोठवू नका.

दही-मसाल्यात टोफू मुरवत ठेवण्याची पनीरवाली सवय इथे सोडून द्या. टोफूत रस खोलवर जात नाही, वरच राहतो, आणि आपण तासभर घालवून काढलेलं पाणी दह्याने परत लावलं जातं. चव तळल्यानंतर द्यायची.

तुकडे दोन सेंटीमीटरचे चौकोनी करा. त्याहून मोठे केले तर आतलं पाणी बाहेर येत येत कवच मऊ करतं, सव्वा सेंटीमीटरहून लहान केले तर गाभा उरतच नाही. सुरीऐवजी हाताने तोडले तर ओबडधोबड कडा जास्त कुरकुरीत होतात. दिसायला तितके नेटके नसतात, खायला उजवे असतात.

पीठ

दुकानात ‘कॉर्नफ्लोअर’ मागा आणि पांढरंशुभ्र, बोटांत चुरचुरणारं पीठ आहे याची खात्री करा. तो मक्याचा स्टार्च असतो. मक्याचं पिवळं पीठ, ज्याची थंडीत भाकरी करतो, ते वेगळं, आणि ते लावलं तर टोफूवर भरभरीत थर बसून तेलात गळून पडतो. ही अदलाबदल फार जण करतात.

200 ग्रॅम टोफूला कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, तांदळाचं पीठ एक मोठा चमचा, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि पाव चमचा मिरपूड. स्टार्च तुकड्यावरची ओल शोषतो, तेलात फुलून थर धरतो आणि मग वाळून काचेसारखा कडक होतो. तांदळाच्या पिठाने त्या थराला दाणेदारपणा येतो आणि तो जास्त वेळ टिकतो. मैद्यात ग्लुटेन असतं, त्याने थर चिवट होतो. बेसन मला इथे पटत नाही. त्याची भजी होते आणि टोफू आत हरवून जातो.

पीठ लावायचं ते तेल तापल्यावरच. आधी लावून ठेवलं तर मीठ पाणी ओढतं, पिठाची चिकट पेस्ट होते, आणि हेच तुकडे एकमेकांना चिकटण्याचं मुख्य कारण. पसरट ताटात पीठ, त्यात आठ-दहा तुकडे, ताट हलवून सगळीकडून लावा, मग चाळणीत टाकून जास्तीचं झटका. झटकलं नाही तर ते पीठ तेलाच्या तळाशी बसून जळतं आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके येतात.

तळणं

22-24 सेंटीमीटरची जाड कढई, अर्धा लिटर रिफाइंड तेल. शेंगदाण्याचं चालतं, सोयाबीनचंही चालतं. आपल्या भागात घरोघरी सोयाबीनचंच असतं, त्यामुळे सोयाबीनचा पदार्थ सोयाबीनच्याच तेलात, यात मला एक जुळणी दिसते.

पहिली तळणी 155 ते 160 अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पिठाच्या ओल्या गोळीने पारखा. गोळी बुडून दोन-तीन सेकंदांनी सावकाश वर आली तर तेल बरोबर आहे. लगेच उसळून वर आली तर जास्त तापलंय. तळाशीच बसून राहिली तर थांबा.

एका वेळी सात-आठ तुकडे, एकेक करून, कढईच्या कडेने सोडा. पहिली चाळीस सेकंदं झारा लावू नका. त्या वेळात स्टार्चचा थर अजून ओला असतो. ढवळलं की तो सोलून निघतो आणि उघडा टोफू तेल उडवायला लागतो. थर धरला की हलक्या हाताने फिरवा. एकूण चार मिनिटं. घाणा गच्च भरला तर तेल एकदम निवतं, तुकड्यांतून वाफ जोराने निघत नाही, आणि वाफेचा रेटा नसला की तेल आत शिरतं. तेलकट टोफू बहुधा जास्त आचेने होत नाही, गर्दीने होतो.

रंगाकडे बघू नका. कॉर्नफ्लोअरचा थर फिकट सोनेरीच राहतो, त्याला पनीरसारखा तांबूस करायला गेलात तर आतून वाळतो. कान द्या. सुरुवातीला तडतड जोरात असते, बुडबुडे मोठे असतात. पाणी कमी होईल तसा आवाज बारीक चरचरीवर येतो आणि बुडबुडे लहान होतात. तेव्हा काढा.

काढून जाळीवर ठेवा. कागदावर ढीग केला तर खालची वाफ कोंडून कवच ओलं होतं. काढताना झारा दोनदा ठामपणे झटका. पदार्थ तेलातून बाहेर आल्यावर निवताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. पदार्थातलं बरंचसं तेल त्या मिनिटभरात आत जातं, म्हणून झटकणं लगेच हवं.

आता आठ ते दहा मिनिटं थांबा. या वेळात गाभ्यातलं पाणी हळूहळू कवचापर्यंत येतं आणि कुरकुरीत झालेले तुकडे हाताला पुन्हा मऊ लागतात. बिघडलं असं वाटेल, पण हेच हवं आहे. बाहेर आलेलं पाणी दुसऱ्या तळणीत उडवायचं असतं. पाहुणे यायचे असतील तर इथपर्यंतचं काम दोन तास आधी करून, उघडं ठेवून, निवांत राहता येतं.

दुसरी तळणी 185 ते 190 अंशांवर. गोळी टाकताच वर उसळली पाहिजे. आता तुकडे चिकटत नाहीत, म्हणून निम्मे-निम्मे एकदम टाकता येतात. साठ ते नव्वद सेकंद, सतत हलवत. झाऱ्यात घेऊन हलवले की सुक्या बियांसारखा खडखड आवाज येतो. त्यापुढे एक मिनिटही ठेवू नका.

जपानमध्ये आबुरा-आगे हा तळलेला टोफू असाच दोन तेलांत करतात: आधी 110-120 अंशांवर फुगवायचा, मग 180 ते 200 अंशांवर कडक करायचा. तो आतून पोकळ व्हावा म्हणून त्यांची पहिली तळणी इतक्या कमी आचेची असते. आपल्याला गाभा भरलेला हवा, म्हणून आपण 160 घेतो.

वरून काय

जीरावन मसाला. सराफ्यात गराडूवर आणि सकाळी पोह्यांवर जो पडतो तोच. त्यातलं काळं मीठ, आमचूर, जिरं, सुंठ, हिंग हे सगळं टोफूच्या फिकेपणाला अगदी नेमकं लागू पडतं. 200 ग्रॅमला एक सपाट चहाचा चमचा पुरतो, कारण पिठातही मीठ आहे. दुसऱ्या तळणीतून काढल्यावर दहा-पंधरा सेकंदांत भुरभुरवा. तेलाची ओल असेपर्यंतच तो चिकटतो, नंतर सगळा ताटलीच्या तळाशी जातो. लिंबू मात्र गराडूसारखं आधी पिळू नका. गराडूचं कवच जाड असतं, ते सोसतं. टोफूचं पातळ कवच दोन मिनिटांत मऊ पडतं. फोड बाजूला द्या, ज्याने त्याने घास घेताना पिळावी.

दुसरा प्रकार मला याहून थोडा जास्त आवडतो: लहान कढईत दोन चमचे तेल, बारीक चिरलेला लसूण सात-आठ पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची दहा-बारा पानं. लसूण सोनेरी झाला की गॅस बंद, अर्धा चमचा भरड मिरी, आणि मग तळलेले तुकडे टाकून दोनदा उडवा. यात पाणी नाही, म्हणून कुरकुरीतपणा वीस-पंचवीस मिनिटं टिकतो.

चिली टोफू करायचा तर सॉस आधी पूर्ण घट्ट करून घ्या: सोया सॉस एक मोठा चमचा, व्हिनेगर एक चहाचा चमचा, चिली सॉस एक चहाचा चमचा, चार मोठे चमचे पाण्यात कालवलेलं एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर. डावाला थर बसेल इतकं दाट झालं की गॅस बंद करा, तुकडे टाका, ढवळा, पाच मिनिटांत वाढा. पातळ सॉसमध्ये टोफू शिजवत ठेवला तर दोन तळण्या वाया गेल्या. आणि कढीत किंवा रश्श्यात घालायचा असेल तर दुसरी तळणी करूच नका. तिथे टोफूने रस प्यायचा असतो.

एअर फ्रायरमध्येही बरा होतो, पण कवच वेगळं येतं, जरा कोरडं. तुकड्यांना आधी एक मोठा चमचा तेल चोळा, मग पीठ लावा. उलट केलं तर कोरडं पीठ पंख्याच्या वाऱ्याने उडतं आणि तुकड्यांवर पांढरे डाग राहतात. 200 अंशांवर पंधरा मिनिटं, दर पाच मिनिटांनी हलवून, एकाच थरात.

उरलेला तळलेला टोफू डब्यात झाकून ठेवायचा असेल तर पूर्ण निवल्यावरच. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. परत कुरकुरीत करायला मायक्रोवेव्ह नको, त्याने तो रबरासारखा होतो. जाड तव्यावर तेलाशिवाय मंद आचेवर सहा-सात मिनिटं उलटसुलट करा.

तेल निवलं की त्याच दिवशी सुती फडक्यातून गाळा, कारण तळाशी बसलेला स्टार्च पुढच्या वेळी आधी जळतो. गाळलेलं तेल भाजीच्या फोडणीला आठवड्याभरात वापरून टाका. ते गडद झालं, तापताना फेस धरायला लागलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरकटलं तर फेकायची वेळ झाली. विकण्यासाठी तळणाऱ्यांना 1 जुलै 2018 पासून तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांसाठी 25 टक्क्यांची मर्यादा आहे. घरात ते मोजायचं साधन नसतं, पण या तीन खुणा पुरेशा असतात. खराब तेल मोरीत ओतू नका, बाटलीत साठवा.